पोटाला पडलेली खिडकी : डॉ. विल्यम बोमाँट यांची गोष्ट



पचनसंस्थेचा पाठ आला की आपण फळ्यावर आकृती काढतो. तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे. बाण काढून नावं देतो, मुलं ती वहीत उतरवतात आणि पाठही करतात. पण वर्गात एखादं मूल असं निघतंच, जे मध्येच उभं राहून विचारतं की हे पोटाच्या आतलं कुणी बघितलं आणि कसं बघितलं. हा प्रश्न टाळू नका. फार चांगला प्रश्न आहे तो. त्याचं उत्तर म्हणजे एका डॉक्टरची आणि एका गरीब नावाड्याची खरीखुरी गोष्ट. आकृती काढायच्या आधी ही गोष्ट सांगितली तर मुलं जठर हा शब्द सहसा विसरत नाहीत.

आधी लोकांना काय वाटायचं?

आजपासून दोनशे वर्षांपूर्वीचा काळ डोळ्यांसमोर आणा. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली, म्हणजे तो अजून बराच दूर. मृत शरीर उघडून जठर दिसायचं, पण ते रिकामं आणि निपचित. जिवंत माणसाच्या जठरात अन्नाचं काय होतं, याबद्दल नुसते तर्कच चालायचे. कुणी म्हणे पोटात उष्णता असते, तिच्यावर अन्न शिजतं. आपल्याकडेही जठराग्नी हा शब्द आहेच की! कुणी म्हणे जठर जात्यासारखं अन्न दळतं. कुणाला वाटे की अन्न आत आंबतं, तर कुणाला वाटे की कुजतं.

इटलीतल्या स्पॅलान्झानी नावाच्या शास्त्रज्ञांनी अठराव्या शतकात कापडाच्या छोट्या पिशव्यांत अन्न भरून त्या स्वतः गिळल्या होत्या. जठरातला रस अन्न विरघळवतो असं त्यांचं म्हणणं होतं. पण सगळ्यांना ते पटलं नव्हतं. वाद मिटायचा तर कुणीतरी जिवंत माणसाच्या जठरात डोकावायला हवं होतं. आणि ते कसं शक्य होणार?

शेतकऱ्याचा मुलगा, शाळामास्तर, मग डॉक्टर

विल्यम बोमाँट यांचा जन्म २१ नोव्हेंबर १७८५ रोजी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लेबनन नावाच्या गावी झाला. वडील शेतकरी. विशी ओलांडल्यावर विल्यम घराबाहेर पडले आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळच्या शँप्लेन गावात शाळामास्तर झाले. हो, आपल्याच व्यवसायातला माणूस! शाळा शिकवता शिकवता ते वैद्यकाची पुस्तकं वाचत.

त्या काळात डॉक्टर होण्यासाठी कॉलेजात जायलाच हवं असं नव्हतं. बोमाँट व्हरमाँट राज्यातल्या एका डॉक्टरांकडे उमेदवारीला राहिले. रोग्याजवळ बसायचं, जे दिसेल ते वहीत लिहायचं, औषधं कुटायची आणि रात्री वाचायचं. बारीकसारीक नोंद करण्याची सवय त्यांना इथेच लागली असावी. १८१२ साली त्यांना वैद्यकीचा परवाना मिळाला. त्याच वर्षी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये युद्ध पेटलं आणि ते सैन्यात डॉक्टर म्हणून दाखल झाले. युद्धानंतर काही वर्षं त्यांनी स्वतःचा दवाखाना चालवला. मग पुन्हा सैन्यात गेले आणि त्यांची नेमणूक मॅकिनॉ बेटावरच्या किल्ल्यात झाली.

हे बेट ह्यूरॉन नावाच्या प्रचंड सरोवरात आहे. हिवाळ्यात भोवतालचं पाणी गोठतं. उन्हाळा आला की बेट गजबजून जायचं, कारण तिथे जनावरांच्या कातड्यांचा मोठा बाजार भरायचा. जंगलातून कातडी भरून लांबलचक होड्या यायच्या. त्या वल्हवणारे बहुतेक कॅनडातले फ्रेंच बोलणारे तरुण असत. असाच एक नावाडी म्हणजे अलेक्सिस सेंट मार्टिन.

६ जून १८२२

त्या दिवशी सकाळी कातड्यांच्या कंपनीच्या दुकानात गर्दी होती. कुणाच्या तरी हातातली छऱ्यांची बंदूक चुकून उडाली आणि जवळच उभ्या असलेल्या अलेक्सिसच्या डाव्या बरगडीखाली बार लागला. तळहातापेक्षा मोठी जखम झाली. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाचा आणि जठराचा भाग बाहेर आला. जठरालाच भोक पडलं होतं आणि त्यातून सकाळचा नाश्ता बाहेर येत होता.

बोमाँट धावत आले. हा मुलगा दीड दिवससुद्धा काढणार नाही असं त्यांना वाटलं. तरीही त्यांनी जखम साफ केली, आतले तुकडे काढले, मलमपट्टी केली. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती आणि जंतू म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. पण अलेक्सिस वाचला.

पहिले सतरा दिवस तो जे खाई ते सगळं जखमेतून बाहेर पडे. मग हळूहळू अन्न पोटात टिकायला लागलं. जखम भरत आली, पण वेगळ्याच तऱ्हेने. जठराच्या भोकाची कड बरगड्यांखालच्या कातडीच्या कडेला चिकटून बरी झाली. म्हणजे भोक बुजलंच नाही! बाहेरून थेट जठरात जाणारी एक कायमची वाट तयार झाली. बोमाँटनी ती बंद करायचे प्रयत्न केले, पण यश आलं नाही. पुढे जठराच्या आतल्या अस्तराची एक घडी तिथे पडद्यासारखी आली. त्यामुळे खाल्लेलं बाहेर येईना, पण बोटाने तो पडदा बाजूला सारला की आतलं जठर दिसायचं.

दहा महिने झाले तरी अलेक्सिसला काम करता येत नव्हतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याचा खर्च करायचं नाकारलं आणि त्याला होडीत बसवून शेकडो मैल दूर कॅनडात परत पाठवायचं ठरवलं. तेवढा प्रवास त्याला झेपला नसता. बोमाँटनी त्याला स्वतःच्या घरी आणलं, खायला घातलं, जखम रोज धुतली. बरा झाल्यावर तो त्यांच्या घरी नोकर म्हणून राहू लागला.

रेशमी दोरा आणि काचेची बाटली

आपल्यासमोर काय आहे हे बोमाँटना कळलं होतं. जे जगात कुणालाच दिसत नव्हतं ते त्यांना रोज पट्टी बदलताना दिसत होतं. १८२५ साली त्यांनी प्रयोग सुरू केले.

१ ऑगस्ट १८२५ चा प्रयोग मुलांना जरूर सांगा. दुपारी बारा वाजता त्यांनी रेशमी दोऱ्याला खाण्याचे छोटे तुकडे बांधले. मसालेदार शिजवलेलं मांस, खारवलेलं कच्चं मांस, चरबी, उकडलेलं मांस, शिळा पाव आणि कच्चा कोबी. हा दोरा त्यांनी भोकातून जठरात सोडला. एक वाजता ओढून पाहिला, तर कोबी आणि पाव निम्मे गळून गेले होते, मांस मात्र जसंच्या तसं. पुन्हा आत सोडला. दोन वाजता कोबी, पाव, चरबी आणि उकडलेलं मांस दोऱ्यावरून पार नाहीसं झालं होतं. कच्चं आणि मसालेदार मांस अजून शिल्लक होतं. प्रयोग सोपा होता, पण घड्याळ लावून आणि नोंद ठेवून केलेला होता. संध्याकाळपर्यंत अलेक्सिसचं पोट आणि डोकं दुखू लागलं, हेही बोमाँटनी लिहून ठेवलं.

पुढचा प्रश्न असा की हे काम नेमकं कोण करतं? जठर दळतं, की रस विरघळवतो? बोमाँटनी नळीने जठरातला रस काढून काचेच्या बाटलीत घेतला, त्यात उकडलेल्या मांसाचा तुकडा टाकला आणि बाटली कोमट पाण्यात ठेवली. जठरात थर्मामीटर घालून त्यांनी आधीच पाहिलं होतं की तिथलं तापमान साधारण १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पाणी तेवढंच कोमट ठेवलं. चाळीसेक मिनिटांत तुकड्याच्या कडा सुटू लागल्या. दहा तासांच्या सुमारास तुकडा पूर्ण विरघळला. बाटलीत ना जातं होतं, ना चूल. होता फक्त रस आणि ऊब. तोच रस थंड ठेवला तर काम करत नाही आणि ऊब दिली की पुन्हा करतो, हेही त्यांनी नंतर दाखवलं.

जठरात ठेवलेला तसाच तुकडा मात्र बाटलीतल्या तुकड्यापेक्षा लवकर विरघळला. कारण जठर सतत हलतं, अन्न घुसळतं आणि प्रत्येक भागाला ताजा रस लागतो. म्हणजे घुसळण्याचा उपयोग होतो, पण खरं काम रसाचं.

आणखी एक गोष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. जठरात रस आधीपासून भरून ठेवलेला नसतो. अन्न आत आलं की अस्तरावर दवासारखे थेंब जमतात आणि रस पाझरू लागतो.

अलेक्सिस निघून जातो

इथपर्यंत आपण डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं. आता थोडं अलेक्सिसच्या बाजूने बघा. दोरा आत, दोरा बाहेर. नळी घालून रस काढायचा, त्याने पोटात कसंतरी व्हायचं. उपाशी राहायचं. ताटकळत पडायचं. आणि हे सगळं स्वतःच्या आजारासाठी नाही, दुसऱ्याच्या वहीसाठी. त्याच वर्षी तो न सांगता कॅनडाला निघून गेला. तिथे त्याने लग्न केलं, मुलं झाली आणि पोटाला भोक असलेला हा माणूस पुन्हा होड्या वल्हवू लागला.

बोमाँटनी त्याचा शोध सोडला नाही. कातड्यांच्या कंपनीच्या माणसांकडून पत्ता लावून १८२९ साली त्याला बायकामुलांसह मिसिसिपी नदीकाठच्या किल्ल्यात बोलावून घेतलं. बोमाँटची बदली तिथे झाली होती. त्या कुटुंबाचा हा प्रवास जवळजवळ २००० मैलांचा होता. तिथे अलेक्सिस लाकडं फोडायचा, पडेल ते घरकाम करायचा आणि अधूनमधून प्रयोगाला बसायचा. १८३१ मध्ये कुटुंब परत कॅनडाला गेलं.

१८३२ साली दोघांत लेखी करार झाला. एका वर्षासाठी जेवणखाण, कपडालत्ता, राहणं आणि १५० डॉलर. बदल्यात अलेक्सिसने प्रयोगांना तयार राहायचं. कागदावर सगळं रीतसर होतं. पण एका बाजूला शिकलेला सैन्यातला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला लिहितावाचता न येणारा, घरी तोंडं खाणारी असलेला मजूर. अशा वेळी होकार किती मोकळा असतो, याचा विचार आपण मोठ्या माणसांनी करायला हवा.

पुस्तक आणि त्यातून मिळालेलं ज्ञान

१८३३ साली बोमाँट यांचं जठररस आणि पचनक्रियेवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात दोनशेहून जास्त प्रयोग आणि शेवटी ५१ निष्कर्ष होते. कुठला पदार्थ जठरातून किती वेळात नाहीसा होतो याचा एक तक्ताही होता. उकडलेला भात साधारण एक तास, भाजलेलं डुकराचं मांस पाच तासांहून जास्त. आजारपणात मऊ भात का देतात, हे मुलांना समजवायला हे दोन आकडे पुरेसे आहेत.

रसात काय असतं हे शोधण्यासाठी त्यांनी तो मोठ्या प्राध्यापकांकडे पाठवला होता. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या रॉबली डंग्लिसन यांनी त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं सांगितलं. लंडनच्या विल्यम प्राउट यांनी प्राण्यांच्या जठररसात हे आम्ल १८२४ मध्येच दाखवलं होतं. पण नुसतं आम्ल जठररसाइतकं काम करत नाही, तेव्हा आत आणखी काहीतरी असलं पाहिजे असं बोमाँटना दिसत होतं. ते काहीतरी १८३६ साली जर्मनीत थिओडोर श्वान यांना सापडलं. त्याचं नाव पेप्सिन. आपण पाठात शिकवतो ते प्रथिनांचं पचन करणारं विकर हेच.

पालकांसाठी दोन नोंदी मुद्दाम सांगते. अलेक्सिस रागावला किंवा चिडला की त्याच्या जठरात फरक पडायचा, पचन बिघडायचं. जेवताना मुलांना रागवू नये असं घरातली मोठी माणसं सांगतात, ते उगाच नाही. दुसरी नोंद दारूची. काही दिवस सतत दारू प्यायल्यावर जठराचं अस्तर लाल, सुजलेलं दिसायचं, पण अलेक्सिसला बाहेरून काहीच त्रास जाणवत नसे. म्हणजे दुखत नाही म्हणून आत सगळं ठीक आहे असं समजू नये.

जे त्या खिडकीतून दिसलं नाही

शिकवताना एक काळजी घ्या. बोमाँटना फक्त जठर दिसलं. दोऱ्यावरून तुकडा नाहीसा झाला म्हणजे पचन संपलं असं नाही. पुष्कळ मुलांच्या मनात पचन म्हणजे जठर असंच बसलेलं असतं.

पचनाची सुरुवात तोंडात होते. दात तुकडे करतात आणि लाळ पिष्टमय पदार्थांवर काम सुरू करते. जठरात अन्नाची पातळ लापशी होते, प्रथिनांचं पचन सुरू होतं आणि आम्लामुळे बरेच जंतू मरतात. मग ही लापशी थोडी थोडी लहान आतड्यात जाते. तिथे यकृताकडून पित्तरस येतो, तो स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करतो. स्वादुपिंडाचा रस पिष्टमय पदार्थ, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ तिन्हींवर काम करतो. सगळ्यात जास्त पचन आणि शोषण इथेच होतं. नाव लहान, पण लांबी सुमारे ६ मीटर! मोठ्या आतड्याची लांबी साधारण दीड मीटर, तिथे मुख्यतः पाणी शोषलं जातं आणि उरलेलं बाहेर टाकलं जातं. कोबी जठरातून लवकर सुटला तरी त्यातला चोथा न पचता इथपर्यंत येतो.

मुलं हमखास विचारतात की जठररस मांस विरघळवतो तर जठराला कसं विरघळवत नाही? जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि अस्तराच्या पेशी सतत नव्या होत असतात. हा थर बिघडला की अल्सर होऊ शकतो.

दोघांचा शेवट

१८३४ साली अलेक्सिस कॅनडाला गेला तो परत आलाच नाही. बोमाँट वर्षानुवर्षं पत्रं पाठवत राहिले, पैशांची तयारी दाखवत राहिले. अलेक्सिस कुटुंबाशिवाय यायला तयार नव्हता, डॉक्टरांना तो एकटाच हवा होता. बोमाँट सेंट लुईस शहरात स्थायिक झाले, सैन्य सोडून दवाखाना चालवू लागले. १८५३ च्या हिवाळ्यात बर्फाळ पायऱ्यांवरून घसरून त्यांना जबर मार लागला आणि २५ एप्रिल १८५३ रोजी ते वारले. ते ६७ वर्षांचे होते. जठराच्या अभ्यासाचे जनक म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे रशियात इव्हान पावलोव यांनी कुत्र्यांच्या जठरापर्यंत अशीच वाट तयार करून पचनाचा अभ्यास केला आणि १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवलं.

आणि अलेक्सिस? डॉक्टरांच्या अंदाजाने दीड दिवसात मरणारा हा माणूस जखमेनंतर ५८ वर्षं जगला. २४ जून १८८० रोजी क्यूबेक प्रांतात त्याचं निधन झालं. तेव्हाचे प्रसिद्ध डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना त्याचं जठर संग्रहालयासाठी हवं होतं. घरच्यांनी साफ नकार दिला. त्यांनी प्रेत मुद्दाम काही दिवस तसंच ठेवलं आणि कुणी उकरून नेऊ नये म्हणून आठ फूट खोल पुरलं. जिवंतपणी ज्याच्या पोटाला झाकण नव्हतं, त्याच्या पोटावर घरच्यांनी शेवटी एवढी माती टाकली. १९६२ साली कॅनडातल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्याच्या कबरीजवळ एक फलक लावला, तेव्हा कुठे त्याच्या नावाची जाहीर दखल घेतली गेली.

बोमाँट चांगले होते की वाईट, असा एका शब्दात निकाल लावू नका. त्यांनी मरणाऱ्या परक्या माणसाला वाचवलं, घरात घेतलं. त्याच माणसाचा त्यांनी उपयोगही करून घेतला. दोन्ही खरं आहे. आज अशा संशोधनात माणसाला आधी सगळं समजावून सांगावं लागतं आणि कधीही नाही म्हणण्याचा त्याला हक्क असतो. हा हक्क अलेक्सिसला पळून जाऊनच मिळवावा लागला.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. दोन ग्लासांत सारखंच पाणी घ्या. एकात खडीसाखरेचा खडा आणि दुसऱ्यात तेवढीच कुटलेली खडीसाखर टाका. कोणती आधी विरघळते ते घड्याळ लावून पाहा. घास चावून का खायचा याचं उत्तर मुलंच देतील.

२. भाकरीचा किंवा पोळीचा घास दोन-तीन मिनिटं चावत राहायला सांगा. हळूहळू गोडसर चव लागते. लाळेचं काम कळतं.

३. मोठ्या मुलांना विचारा की अलेक्सिसच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? आणि बोमाँटच्या जागी असता तर? उत्तर बरोबर की चूक असं सांगू नका, फक्त ऐकून घ्या.

मग फळ्यावर आकृती काढा. जठराला नाव देताना शेजारी दोन नावं लिहा, विल्यम बोमाँट आणि अलेक्सिस सेंट मार्टिन. पाठात एकाचंही नाव नसलं तरी चालेल. मुलांना मात्र दोघंही माहीत असू द्या.